जादा पाळी कोणाला परवडते?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची, म्हणजे कामगारांच्या तोंडी असलेल्या ‘ओटी’ची, कमाल मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल आणि जादा कामाचा मोबदला मिळून कामगाराची कमाईही वाढेल, अशी त्याची बाजू मांडली गेली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. या घडामोडींवर जी चर्चा झाली ती मुख्यतः उद्योगांना काय हवे आणि संघटनांचा विरोध कशाला, या दोन टोकांमध्ये झाली. चाकण, रांजणगाव, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यात उभ्या असलेल्या माणसापुढचा प्रश्न मात्र याहून साधा आणि रोजचा असतो. पाळी सुटायला अर्धा तास उरलेला असताना सुपरवायझर लाइनवर येतो आणि ‘आज थांबतोस का?’ असे विचारतो. त्या क्षणी थांबणे परवडते की नाही, हे त्या कामगाराने कशाच्या आधारावर ठरवायचे?

हा प्रश्न ज्याचा त्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर पगाराची रचना, कायद्यातील व्याख्या, बसचे वेळापत्रक आणि घरातली कामाची वाटणी यांनी बऱ्याच अंशी आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणूनच तो सार्वजनिक प्रश्न आहे. माझे म्हणणे असे आहे की जादा पाळी ज्याला नाकारता येते, त्यालाच ती परवडते. ज्याला ती नाकारता येत नाही, त्याला दर कितीही चांगला मिळाला तरी तो व्यवहार तोट्याचा ठरतो. कमाई वाढवण्याचे साधन म्हणून जादा तासांची मर्यादा वाढवणाऱ्या धोरणाने नेमकी हीच गोष्ट विचारात घेतलेली नाही.

आधी हिशेब करू. समजा, एका कामगाराचा महिन्याचा पगार २०,८०० रुपये आहे. त्यातले मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत आणि उरलेले ७,८०० रुपये घरभाडे भत्ता व प्रवास भत्ता म्हणून मिळतात. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासाला बरोबर शंभर रुपये पडतात. जुन्या कारखाने अधिनियमाच्या ५९ व्या कलमानुसार जादा कामाचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट होता, आणि तो नेहमीचा दर काढताना मूळ वेतनाबरोबर कामगाराला लागू असलेले भत्तेही धरायचे होते. त्या न्यायाने चार तास थांबणाऱ्याला आठशे रुपये मिळायला हवेत. दुप्पट दर फक्त मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर लावला तर ते पाचशे होतात. ठेकेदार ‘सिंगल ओटी’, म्हणजे दुप्पट न करता नेहमीच्याच दराने मोबदला, देत असेल तर चारशे, आणि सिंगल ओटीही नुसत्या मूळ वेतनावर काढत असेल तर अडीचशे. महिन्याचा पगार २६ ऐवजी ३० दिवसांनी भागण्याची पद्धत असेल, तर यातला प्रत्येक आकडा आणखी तेरा टक्क्यांहून थोडा जास्त खाली येतो. एकाच शेडमध्ये, एकाच लाइनवर, शेजारी शेजारी उभे राहून सारखेच काम करणाऱ्या दोघांच्या चार तासांची किंमत अशी आठशे आणि अडीचशे असू शकते, कारण एकाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असते आणि दुसऱ्याचे ठेकेदाराच्या.

या रकमेतून पुढे काय वजा होते, तेही पाहायला हवे. पहिली पाळी साडेतीनला सुटत असेल तर कंपनीची बस पावणेचारच्या सुमारास निघून जाते. साडेसातला सुटणाऱ्याला ती मिळत नाही आणि दुसऱ्या पाळीची बस मध्यरात्रीशिवाय हलत नाही. मग चाकणच्या तळेगाव चौकात वाहतुकीच्या कोंडीत शेअर रिक्षा शोधायची, साठ रुपये द्यायचे, मधल्या वेळेत पोटात काहीतरी ढकललेले असते त्याचे पन्नास धरायचे, आणि एरवी अर्ध्या तासात संपणारा प्रवास दीड तासाचा झाला तर तो जास्तीचा एक तासही मोजायचा. सिंगल ओटीवाल्याच्या अडीचशेतून एकशे दहा गेले की एकशे चाळीस उरतात, आणि ते पाच तासांचे असतात, म्हणजे तासाला अठ्ठावीस रुपये. पूर्ण दुप्पट दर मिळणाऱ्याला त्याच पाच तासांचे सहाशे नव्वद उरतात, म्हणजे तासाला एकशे अडतीस. पहिल्याने थांबू नये आणि दुसऱ्याने अधूनमधून थांबायला हरकत नाही, असा सरळ निष्कर्ष यातून निघायला हवा. प्रत्यक्षात नेमके उलट घडते, कारण ज्याचा मूळ पगार तुटपुंजा असतो तोच जास्त वेळा थांबतो.

नव्या संहितांमुळे या हिशेबात एक बदल झाला आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जादा कामाला दुप्पट दर आजही आहे, पण तो कशाच्या दुप्पट, हे ‘वेतन’ या शब्दाच्या नव्या व्याख्येवर अवलंबून आहे, आणि त्या व्याख्येतून घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता वगळलेले आहेत. वगळलेल्या रकमांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात धरावा, अशी अट त्यासोबत आहे. ज्या कारखान्यांनी मूळ वेतन मुद्दाम तीस टक्क्यांवर दाबून ठेवले होते आणि त्यावरच दुप्पट दर काढत होते, तिथल्या कामगारांना या अटीचा फायदा होईल, हे मान्य केले पाहिजे. परंतु वरच्या उदाहरणातील कामगाराचे मूळ वेतन आधीच निम्म्याहून जास्त आहे, म्हणून त्याचे आठशे रुपये या व्याख्येने पाचशेवर येऊ शकतात. पूर्वी त्याला पाचशे देणे ही पळवाट होती आणि त्याला तिच्याविरुद्ध दाद मागता येत होती. आता तेच पाचशे नियमात बसतील. जादा तासांची मर्यादा वाढवताना तासाचा दर ज्या पायावर उभा आहे तो पाया अरुंद झालेला असेल, तर कमाई वाढेल हे आश्वासन फार जपून ऐकले पाहिजे.

आता ज्या पैशाचा हिशेब पगारपावतीवर दिसतच नाही, त्याच्याकडे वळू. ओटीच्या रकमेवर भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, आणि म्हणून मालकाचा वाटाही जमा होत नाही. जुन्या कायद्यातही ती रक्कम वगळलेली होती आणि नव्या व्याख्येतही, निम्म्याच्या अटीपुरता अपवाद सोडला तर, वगळलेलीच आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगाराच्या मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर निघते. तिथेही ओटीचा विचार होत नाही. बोनसच्या हिशेबातही ओटी नसते. एखादा कामगार दर तिमाहीला शंभर तास जादा काम करतो आणि त्याला तासाला दोनशे रुपये मिळतात असे धरले, तर महिन्याला सरासरी ६,६६७ रुपये होतात. हीच रक्कम त्याच्या मूळ वेतनात असती, तर वीस वर्षांच्या नोकरीनंतर एकट्या ग्रॅच्युइटीत सुमारे सत्त्याहत्तर हजार रुपयांची भर पडली असती, आणि भविष्य निर्वाह निधीत महिन्याला जमले असते ते वेगळे. ओटीचा पैसा आज हातात येतो आणि आजच संपतो. म्हातारपणासाठी त्यातले काही उरत नाही. आजची गरज मोठी असणाऱ्या माणसाला हे सांगून फारसा उपयोग होत नाही, हे मला कळते, आणि म्हणूनच हे त्याला सांगण्याआधी धोरण ठरवणाऱ्यांना सांगायला हवे.

मालकाच्या बाजूने पाहिले की ‘दुप्पट’ हा शब्द आणखी फिका पडतो. नवा कामगार घ्यायचा म्हणजे त्याच्या निधीचा वाटा, बोनस, ग्रॅच्युइटीची तरतूद, भरपगारी रजा, गणवेश, बसमधली जागा, कॅन्टीनचे ताट आणि शिकाऊ दिवसांतले वाया जाणारे काम हे सगळे आले. जुन्याच माणसाला चार तास थांबवले तर यातले जवळजवळ काहीच लागत नाही, आणि ऑर्डर कमी झाली की ओटी दुसऱ्या दिवशी बंद करता येते, कोणालाही काढावे लागत नाही, कोणाला कारण सांगावे लागत नाही. म्हणून कागदावर दुप्पट असलेला दर प्रत्यक्षात नव्या माणसापेक्षा बऱ्याचदा सोयीचा पडतो आणि सिंगल दर तर उघडच स्वस्त पडतो.

रोजगारवाढीच्या युक्तिवादाचे उत्तरही इथेच आहे. चोवीस तास चालणाऱ्या यंत्रावर आठ तासांच्या तीन पाळ्या असतील तर तीन माणसे लागतात. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या तर दोनच पुरतात. उत्पादन तेवढेच, यंत्र तेवढेच, आणि आयटीआय करून कारखान्याच्या फाटकावर अर्ज घेऊन उभा असलेला तिसरा मुलगा बाहेरच राहतो. जादा तासांची मर्यादा वाढवून रोजगार वाढेल असे म्हणणाऱ्यांनी या तिसऱ्या माणसाचे काय होते ते सांगायला हवे.

आरोग्याचा मुद्दा या चर्चेत नेहमी येतो आणि बहुतेक वेळा मोघम राहतो. तो मोघम ठेवण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आता आपल्याकडची मर्यादा या आकड्याशेजारी ठेवून पाहा. तिमाहीत तेरा आठवडे असतात. ११५ तासांची मर्यादा पूर्ण वापरली तर आठवड्याला जवळजवळ नऊ तास जादा होतात, आणि आठवड्याचे नेहमीचे ४८ तास मिळवले की बेरीज ५७ च्या घरात जाते. १४४ तास वापरले तर ती ५९ होते. म्हणजे ५५ ची रेषा २०१५ मध्ये राज्याने ७५ तासांची मर्यादा ११५ वर नेली तेव्हाच ओलांडली गेली होती, आणि आता आपण तिच्यापासून आणखी पुढे जाण्याची तयारी केली आहे. यात प्रवासाचे तास धरलेले नाहीत. रातपाळी असेल तर भर वेगळी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रातपाळीच्या कामाची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात २००७ मध्ये केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली.

पण पंधरा-वीस वर्षांनी होणाऱ्या आजाराची भीती दाखवून आज कोणी थांबत नाही, म्हणून जवळचा तोटाही मोजू. रविवारी ओटी करून सलग तेरा दिवस कामावर गेलेला माणूस पुढच्या आठवड्यात तापाने किंवा कंबरदुखीने एक दिवस घरी राहिला आणि रजा शिल्लक नसली, तर आपल्या उदाहरणात त्याचे आठशे रुपये जातात, आणि ज्या कारखान्यात पूर्ण हजेरीचे बक्षीस असते तिथे महिन्याचे ते बक्षीसही जाते. चार तासांच्या पूर्ण दुप्पट ओटीत मिळवलेले सगळे एका खाड्यात परत जाते. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राच्या दाबाने पत्रा कापण्या-वाकवण्याच्या विभागात, काम करणाऱ्यांना याहून वाईट शक्यता ठाऊक असते. पाळीच्या शेवटच्या तासात, हात यंत्राच्या लयीत चालत असताना आणि डोळे जड झालेले असताना बोटे जातात. कामगार विमा योजनेत अपंगत्वाचा लाभ आहे, तो मिळायलाच हवा, परंतु दोन बोटे गमावलेल्या हाताला पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत कोणी विमा विचारत नाही.

कामगाराच्या हिशेबात न येणारी दुसरी बाजू घराची आहे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. नवरा चार तास जास्त थांबतो तेव्हा त्याच्या वाट्याच्या त्या ८८ मिनिटांपैकी बरीचशी बायकोच्या वाट्याला जातात. मुलाला शिकवणीहून आणणे, पाण्याच्या वेळेला घरी असणे, आजारी सासऱ्यांना दवाखान्यात नेणे, गॅसची नोंदणी, शाळेतली पालकसभा ही कामे थांबत नाहीत. ती फक्त करणारा बदलतो. त्यामुळे ओटीचे आठशे रुपये एकट्याने कमावलेले नसतात, ते दोघांनी कमावलेले असतात, आणि तरीही घरात त्यांचा उल्लेख ‘त्याची ओटी’ असाच होतो. कामावर जाणाऱ्या स्त्रीचे गणित तर मुळातच वेगळे आहे. तिला थांबायचे असेल तर पावणेपाच तासांचे घरकाम कोणीतरी उचलायला हवे, किंवा तिनेच ते रात्री दहानंतर करायचे. इलेक्ट्रॉनिक्स आणि वायरिंग हार्नेसच्या कारखान्यांत मुली मोठ्या संख्येने कामाला असतात आणि लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर त्यांचे थांबणे कमी होते, तेव्हा ‘बायकांना ओटी नको असते’ असा शेरा मारला जातो. त्यांना पैसे नको असतात असे नाही. त्यांच्याकडे विकायला तास उरलेले नसतात, आणि पुढच्या वेळी लाइन लीडर निवडताना याच गोष्टीचा उपयोग त्यांच्याविरुद्ध होतो, हे मला सर्वात जास्त खटकते.

इथपर्यंतच्या विवेचनाला एक खरा आणि वजनदार आक्षेप आहे. कामगारांनाच ओटी हवी असते. ओटी मिळाली नाही म्हणून नाराज होणारे, ती सुपरवायझरच्या मर्जीतल्या लोकांनाच मिळते म्हणून संघटनेकडे तक्रार घेऊन जाणारे कामगार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि अनेक संघटनांनी ओटी आळीपाळीने वाटली जावी यासाठी भांडण केलेले आहे. मग प्रौढ माणसाने आपल्या तासांचे काय करावे हे सरकारने किंवा लेख लिहिणाऱ्याने का ठरवावे? हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. जूनमध्ये शाळेची फी भरायची आहे, गावाकडे पेरणीला बियाणे-खताचे पैसे पाठवायचे आहेत, बहिणीचे लग्न ठरले आहे, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन करायचे आहे, अशा वेळी दोन महिने जास्त थांबून तीस-चाळीस हजार रुपये उभे करणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. सावकाराकडे जाण्यापेक्षा तो कितीतरी चांगला आहे. माझ्या ओळखीतील अनेक घरांत मुलांची शिक्षणे अशीच पुरी झाली आणि त्या बापांच्या कष्टांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. रक्कम ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे आणि मुदतीनंतर ‘आता नको’ म्हणता येते, तेव्हा ओटी परवडते.

बिघडते ते यानंतर. दोन महिन्यांची ओटी सहा महिने चालते, वाढलेली कमाई हीच आपली कमाई वाटू लागते, आणि त्या आकड्यावर दुचाकीचा, मग वन-बीएचकेचा हप्ता बेतला जातो. त्या दिवसापासून ओटी हा निवडीचा विषय राहत नाही. सुपरवायझरला हे माहीत असते. ज्याचा हप्ता ओटीवर आहे तो माणूस यंत्राच्या सदोष गार्डबद्दल, म्हणजे संरक्षक आवरणाबद्दल, तक्रार करत नाही, युनियनच्या सभेला जात नाही, लेकीच्या वाढदिवसाला लवकर सुटायचे आहे असे म्हणत नाही. ओटी देणे-न देणे हे शिक्षेचे आणि बक्षिसाचे साधन होते, आणि त्यासाठी कुठलाही लेखी आदेश काढावा लागत नाही. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली, कंपन्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले, तेव्हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात सर्वात आधी ओटी गेली. नोकरी टिकलेल्या माणसांचीही घरे त्या वर्षी अडचणीत आली, कारण त्यांचा पगार तसाच होता पण हप्ते पगारापेक्षा मोठ्या कमाईवर उभे होते.

ज्या कामांत ‘जादा’ हा शब्दच उरलेला नाही तिथे आपण आणखी पुढे गेलेलो आहोत. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनची ड्युटी अनेक ठिकाणी बारा तासांचीच ठरलेली असते आणि महिन्याच्या ठोक रकमेत आठ तासांचे किती व चार तासांचे किती, हे त्यालाही सांगता येत नाही. अ‍ॅपवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला ओटी नसते, तर ठरावीक ऑर्डर पूर्ण केल्यावर मिळणारा इन्सेंटिव्ह असतो, आणि तो गाठण्यासाठी शेवटचे दोन तास रस्त्यावर काढताना पेट्रोल त्याचेच जळते. कारखान्यातील ओटीवर निदान कायदा आहे. तो सैल होतो तेव्हा या लोकांसाठी काही मागण्याचा आधारही जातो.

दुप्पट दर कायद्यात का आला, हे लक्षात ठेवले तर पुढची दिशा सापडते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, तेव्हा त्यात आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि कामाच्या वेळेला मर्यादा या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. या सगळ्या प्रयत्नांचे सूत्र तास कमी करणे हे होते. दुप्पट दर हे त्या मर्यादेभोवतीचे कुंपण होते. जादा तास मालकाला महाग पडावेत, म्हणजे त्याने ते निकडीच्या वेळीच मागावेत, हा त्याचा हेतू होता. आज तोच दर कामगाराला दिलेली सवलत म्हणून सांगितला जातो आणि मर्यादा वाढवण्याचे समर्थन त्यावर उभे केले जाते. असे करताना आपण कुंपण उचलून मर्यादेच्या बाहेर नेऊन रोवत आहोत, हे स्पष्टपणे बोलले गेले पाहिजे.

मग काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे जादा तासांचा दर एकूण पगारावर काढला जावा, भत्ते वगळून नव्हे. राज्याला नियम करण्याचे जे अधिकार आहेत ते इथे वापरता येतील, आणि जिथे वेतनकरार होतात तिथे संघटनांनी ही मागणी पहिल्या पानावर ठेवावी. कंत्राटी कामगारालाही त्याच लाइनवरील कायम कामगाराइतकाच ओटीचा दर मिळावा आणि ठेकेदाराने तो दिला नाही तर मुख्य मालकाकडून वसूल व्हावा. ठरावीक तासांच्या पुढे सलग दोन तिमाही ओटी घेणाऱ्या विभागात माणसे कमी आहेत असे गृहीत धरून तिथे नवी भरती बंधनकारक करावी. सहा महिने टिकणाऱ्या कामाला निकडीचे काम म्हणता येत नाही. ओटीच्या रकमेवरही निधीचा मालकाचा वाटा भरावा लागला, तर नवा माणूस घेणे आणि जुन्याला थांबवणे यांतील किमतीचा फरक बराच कमी होईल, आणि मला वाटते की बाकी सगळ्या उपायांपेक्षा हा एकच उपाय जास्त काम करेल. कारखान्याला बारा तासांची परवानगी हवी असेल तर बारा तासांनंतर सुटणारी बसही हवी, ही अट घालायला तर कायदाही बदलावा लागू नये.

राहिला संमतीचा मुद्दा. कामगाराच्या संमतीशिवाय जादा काम घेता येणार नाही, असे नवी संहिता सांगते आणि राज्याच्या प्रस्तावाच्या समर्थनातही संमतीचा हवाला दिला गेला. ही तरतूद मोलाची आहे, पण तिचा अर्थ अंमलात ठरणार आहे. नोकरीवर रुजू होण्याच्या दिवशी पंधरा-वीस कागदांवर सह्या घेतल्या जातात. त्यांतच ‘गरजेनुसार जादा काम करण्यास माझी संमती आहे’ असा एक कागद सरकवला, तर संमती कायमची घेतली गेली असे होईल. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोणीही कोणत्याही कागदाला नाही म्हणत नाही. म्हणून संमती त्या त्या दिवसाची, पाळी संपण्याच्या पुरेशी आधी आणि लेखी असावी. नकार दिल्याची नोंद कामगाराच्या नावापुढे कुठेही होऊ नये. आणि कारखान्याच्या तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाने किती जणांनी संमती दिली एवढेच न पाहता, गेल्या तिमाहीत किती जणांनी नकार दिला आणि त्यांपैकी कितींना पुढे ओटी, बढती किंवा कराराची मुदतवाढ मिळाली, हे तपासावे. ज्या कारखान्याच्या नोंदीत वर्षभरात एकही नकार नसेल, तिथे चौकशी तिथूनच सुरू व्हावी.